सट्ट्याला परवानगी देण्याचा अधिकार कोणाचा?

क्रिकेटचा मोसम सुरू झाला आणि एखाद्या बुकीला अटक झाली, की खेळांवरील सट्टा कायदेशीर करावा काय, या चर्चेला आपल्याकडे हमखास तोंड फुटते. लोक सट्टा लावतातच, मग तो नियमांच्या चौकटीत आणून सरकारने कर का घेऊ नये, असे एक बाजू विचारते. दुसरी बाजू देशोधडीला लागलेल्या संसारांचे दाखले देते. अमेरिकेत हीच चर्चा पाव शतकभर चालली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. तेथील न्यायमूर्तींनी मात्र सट्टा चांगला की वाईट, या प्रश्नाला हातच घातला नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. एखाद्या राज्याला सट्टा कायदेशीर करायचा असेल, तर 'असा कायदा करू नका' असे अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तेथील केंद्रीय संसद, त्या राज्याला बजावू शकते काय? १४ मे २०१८ रोजी न्यायालयाने 'नाही' असे उत्तर दिले. 'मर्फी विरुद्ध एनसीएए' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल वरकरणी जुगाराचा असला, तरी मुळात तो केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारवाटपाचा आहे.

एक विचित्र कायदा

वादाच्या मुळाशी असलेला कायदा १९९२ सालचा. 'व्यावसायिक व हौशी क्रीडा संरक्षण कायदा' असे त्याचे भारदस्त नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'पास्पा' म्हणून ओळखला जातो. थोरले जॉर्ज बुश अध्यक्ष असताना ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यावर सही झाली. त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते सिनेटर बिल ब्रॅडली. सिनेटवर निवडून येण्यापूर्वी ते 'न्यूयॉर्क निक्स' संघाचे नामांकित बास्केटबॉलपटू होते. खेळाडू म्हणजे जुगाराच्या टेबलावरील सोंगट्या नव्हेत, ही त्यांची भूमिका अनुभवातून आलेली होती. अमेरिकी खेळाला सट्ट्याचे जुने दुखणे होतेच. १९१९ च्या बेसबॉल 'वर्ल्ड सीरिज'मध्ये सट्टेबाजांशी संगनमत केल्याबद्दल 'शिकागो व्हाइट सॉक्स'च्या आठ खेळाडूंवर पुढे आजन्म बंदी आली. ती जखम तेथील क्रीडाविश्व अद्याप विसरलेले नाही.

पास्पाची रचना मात्र विचित्र होती. काँग्रेसने खेळांवर सट्टा लावणे हा केंद्रीय गुन्हा ठरवला नाही. सट्टा लावणाऱ्या नागरिकाला या कायद्याने तुरुंगाची भीती नव्हती. कायद्याचा रोख राज्यांवर होता : राज्यांनी खेळांवरील सट्टा चालवू नये, त्यास परवाना देऊ नये आणि कायद्याने त्यास मान्यताही देऊ नये. एखाद्या राज्याने हा दंडक मोडलाच, तर केंद्राचे अ‍ॅटर्नी जनरल किंवा खुद्द क्रीडा संघटना न्यायालयात जाऊन मनाई मिळवू शकत होत्या. पोलिस, तपास, खटले या कशाचाही खर्च केंद्राने उचलला नव्हता. सट्टाबंदी राबवायची ती राज्यांनी, स्वतःच्या जुन्या कायद्यांन्वये आणि स्वतःच्या खर्चाने.

ही मनाईही सर्वांना सारखी नव्हती. नेवाडात खेळांवरील सट्टा आधीपासून कायदेशीर होता. त्या राज्याला पूर्ण सूट मिळाली. डेलावेअर, ओरेगन आणि मोंटाना या राज्यांत पूर्वी जे काही मर्यादित प्रकार चालत, तेवढ्यांना अभय मिळाले. न्यू जर्सीसाठी खास खिडकी ठेवली होती. कायदा अमलात आल्यापासून एका वर्षाच्या आत त्या राज्याने आपल्या कॅसिनोंत सट्ट्याला मान्यता दिली, तर ती चालणार होती. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने ते वर्ष दवडले. त्या दवडलेल्या वर्षाची किंमत पुढे जवळपास दोन तपे मोजावी लागली. ब्रॅडली याच न्यू जर्सीचे सिनेटर होते, हे येथे आवर्जून सांगण्याजोगे.

अटलांटिक सिटीची घसरण

न्यू जर्सीला उशिरा जाग आली, तिचे कारण अर्थकारणात आहे. १९७६ मध्ये तेथील मतदारांनी अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात कॅसिनोंना कौल दिला आणि १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. पुढची काही दशके देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील जुगाराची हौस हे शहर भागवीत राहिले. शेजारच्या पेनसिल्वेनियाने २००६ पासून स्वतःच्या हद्दीत जुगारगृहे उघडली आणि हक्काचे गिऱ्हाईक वाटेतच अडू लागले. पाठोपाठ आर्थिक मंदी आली. २०१४ या एका वर्षात शहरातील बारा कॅसिनोंपैकी चार बंद पडले आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. घोड्यांच्या शर्यतींची मैदानेही तोट्यात होती. खेळांवरील सट्टा बेकायदा पद्धतीने राज्यभर चालतोच आहे, मग तो पैसा बुकींच्या खिशात का जावा, हा युक्तिवाद अशा वेळी मतदारांना पटला नसता तरच नवल. नोव्हेंबर २०११ मधील सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून सट्ट्याला वाट मोकळी करून देण्याच्या बाजूने मत दिले.

गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी जानेवारी २०१२ मध्ये त्यानुसार कायदा केला. ऑगस्टमध्ये पाच संघटना न्यायालयात गेल्या : महाविद्यालयीन खेळांची एनसीएए, तसेच बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी आणि बेसबॉल या चार व्यावसायिक खेळांच्या लीग. न्यू जर्सी हरली. सप्टेंबर २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही दोन विरुद्ध एक अशा मतांनी तिच्या विरोधात निकाल दिला.

त्या निकालात एक वाक्य मात्र असे होते, की राज्याच्या वकिलांनी ते लगेच उचलले. पास्पा राज्यांना सट्टाबंदीचे कायदे ठेवायला भाग पाडत नाही, असे बहुमताने म्हटले होते. नवी परवानगी देणे वेगळे आणि जुनी बंदी उठवणे वेगळे, असा त्याचा अर्थ. मग न्यू जर्सीने ऑक्टोबर २०१४ मध्ये परवान्यांचा खटाटोप सोडला आणि नवा मार्ग धरला. कॅसिनो आणि शर्यतीची मैदाने एवढ्यापुरती सट्ट्यावरील जुनी बंदी रद्द करण्यात आली. 'आम्ही परवानगी दिलेली नाही, फक्त मनाई काढून घेतली आहे', असा बचाव होता. संघटना पुन्हा न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने नऊ विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की बंदी ठराविक जागांपुरतीच उठवणे म्हणजे त्या जागांना परवानगी देणेच होय. थोडक्यात, बंदी संपूर्ण उठवली तर राज्यात कोणीही कोठेही सट्टा चालवू शकेल. नियम घालून उठवली तर कायदा मोडल्याचा ठपका येईल. दोन्हीकडून कोंडी.

हा निकाल कायम राहील, अशीच बहुतेकांची अटकळ होती. केंद्र सरकारच्या सॉलिसिटर जनरलनेही प्रकरण ऐकू नये, असा सल्ला सर्वोच्च न्यायालयाला दिला होता. तरीही न्यायालयाने जून २०१७ मध्ये ते सुनावणीस घेतले. ४ डिसेंबर २०१७ रोजी युक्तिवाद झाले. जानेवारी २०१८ मध्ये ख्रिस्ती यांच्या जागी फिल मर्फी गव्हर्नर झाले आणि त्यामुळे खटल्याच्या शीर्षकात त्यांचे नाव आले.

वेठीस धरण्यास मनाई

अमेरिकी राज्यघटनेची दहावी दुरुस्ती सांगते, की जे अधिकार घटनेने केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेलेही नाहीत, ते राज्यांकडे वा जनतेकडे राहतात. त्यातून न्यायालयाने एक तत्त्व विकसित केले होते. केंद्र नागरिकांसाठी थेट कायदे करू शकते. राज्यांच्या यंत्रणेला मात्र ते वेठीस धरू शकत नाही. किरणोत्सारी कचऱ्यासंबंधीच्या 'न्यूयॉर्क' खटल्यात १९९२ मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडले गेले. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक शेरीफने तपासावी, हा केंद्राचा आदेश १९९७ च्या 'प्रिन्ट्झ' खटल्यात याच कारणाने रद्द झाला. पहिला निकाल जूनमध्ये आला आणि पास्पावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सही झाली. काँग्रेसने तो निकाल नीट वाचला असता, तर कदाचित हा पुढचा सारा खटाटोप टळला असता.

क्रीडा संघटनांचा बचाव असा होता, की आधीच्या दोन्ही खटल्यांत केंद्राने राज्यांना काहीतरी 'करा' म्हणून सांगितले होते; पास्पा फक्त 'करू नका' म्हणतो. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्राने हा भेद पोकळ ठरवला. विधिमंडळाला अमुक कायदा करण्याचा हुकूम असो की न करण्याचा, दोन्हींत लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींवर बाहेरून हुकूमत चालते. राज्याच्या सभागृहात केंद्राचे अधिकारी बसवून आमदारांना मत देण्यापासून रोखण्यासारखेच हे आहे, अशी उपमा निकालपत्रात आहे.

हे तत्त्व कशासाठी, याचेही विवेचन त्यात आहे आणि त्यातील उत्तरदायित्वाचा मुद्दा सर्वात मोलाचा वाटतो. राज्याने स्वतः कायदा केला, तर त्याचे श्रेय वा दोष कोणाला द्यायचा हे मतदाराला कळते. केंद्राने राज्याचे हात बांधले, तर जबाबदार कोण हेच धूसर होते. शिवाय स्वतःच्या हुकमाचा खर्च केंद्राला स्वतःच्या तिजोरीतून करावा लागला, तर ते हुकूम देण्यापूर्वी विचार करील.

केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो, हे तत्त्व अमेरिकेतही आहे. पण त्यासाठी केंद्राचा कायदा नागरिकांना किंवा कंपन्यांना उद्देशून हवा. पास्पातील ते कलम केवळ राज्यांनाच उद्देशून असल्याने हा आधारही टिकला नाही. राज्यांना मान्यता देण्यापासून रोखणारे कलम घटनाबाह्य आहे, यावर सात न्यायमूर्ती एकमत होते. संपूर्ण कायदाच रद्द करण्याच्या बाजूने सहा होते. न्यायमूर्ती रुथ बेडर गिन्सबर्ग यांनी असहमतीच्या मतात तक्रार केली, की सदोष भाग कापून काढायला शल्यविशारदाची सुरी पुरेशी होती, तेथे न्यायालयाने कुऱ्हाड चालवली. काँग्रेसला हवे असेल तर तिने खेळांवरील सट्ट्याचे थेट नियमन करावे. ती तसे करीत नाही तोवर प्रत्येक राज्य आपापला निर्णय घेण्यास मोकळे आहे, असा निकालाचा सारांश होता.

निकालानंतर

मग बांध फुटावा तसे झाले. डेलावेअरने ५ जून २०१८ रोजी एकेका सामन्यावर सट्टा घेण्यास सुरुवात केली. १४ जूनला न्यू जर्सीतील मॉनमाउथ पार्क या शर्यतीच्या मैदानावर गव्हर्नर मर्फी यांनी स्वतः पहिली पैज लावली. त्यानंतरच्या सात वर्षांत अमेरिकेतील तीन चतुर्थांशांहून अधिक राज्यांनी या ना त्या स्वरूपात सट्टा कायदेशीर केला. व्यावसायिक सट्टा कंपन्यांचे २०२४ मधील उत्पन्न १३ अब्ज डॉलरच्या वर गेले.

अर्थात सर्वच राज्ये या वाटेने गेली नाहीत. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन प्रस्ताव मतदारांपुढे आले आणि दोन्ही सपाटून पडले. कराचे दरही राज्यागणिक निराळे. न्यूयॉर्कने मोबाइलवरील सट्ट्याच्या उत्पन्नावर ५१ टक्के कर बसवला, तर न्यू जर्सीने ऑनलाइन सट्ट्यावर १३ टक्क्यांनी सुरुवात करून जुलै २०२५ पासून तो १९.७५ टक्के केला. निर्णयाचे स्वातंत्र्य राज्यांकडे आले, की असे वैविध्य यायचेच.

लीगचा पवित्रा बदलला तो मात्र पाहण्यासारखा. बास्केटबॉल लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी नोव्हेंबर २०१४ मध्येच वृत्तपत्रात लेख लिहून नियमनासह सट्टा कायदेशीर करावा, असे मत मांडले होते. आणि त्याच वेळी त्यांची लीग न्यू जर्सीविरुद्ध न्यायालयात भांडत होती! निकालाच्या सुमारास लीगनी एकूण लावल्या जाणाऱ्या रकमेतील एक टक्का 'खेळाच्या शुचितेसाठी' आपल्याला द्यावा, अशी मागणी राज्यांकडे लावून धरली. राज्यांनी ती बहुतांशी धुडकावली. मग सट्टा कंपन्यांशी थेट प्रायोजकत्वाचे करार झाले.

शुचितेची भीती मात्र खोटी नव्हती. 'टोरँटो रॅप्टर्स'चा जोन्टे पोर्टर याच्यावर एप्रिल २०२४ मध्ये आजन्म बंदी आली. आपल्या प्रकृतीची गोपनीय माहिती त्याने सट्टा लावणाऱ्याला पुरवली होती आणि स्वतःवरील पैज फळावी म्हणून खेळ अर्धवट सोडला होता. संपूर्ण सामना विकण्याची आता गरज उरलेली नाही. एका खेळाडूचे गुण किती, एका चेंडूचा वेग किती, यावरही पैजा लागतात. हे प्रकरण उघडकीस आले ते नियमनामुळेच, कारण परवानाधारक कंपन्यांना संशयास्पद पैजा दिसल्या, असे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु अशा पैजा इतक्या सहज लावता येतात, त्याही कायदेशीर बाजारामुळेच. घरसंसाराच्या बाजूने पाहिले, तर कॅलिफोर्नियातील अभ्यासकांचा सहभाग असलेल्या २०२४ मधील एका शोधनिबंधात ऑनलाइन सट्टा खुला झालेल्या राज्यांत लोकांची पत घसरल्याचे आणि दिवाळखोरीचे अर्ज वाढल्याचे आढळले. केंद्रानेच किमान नियम घालावेत, यासाठी 'सेफ बेट' नावाचे विधेयक सप्टेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये काँग्रेसमध्ये मांडले गेले. ते नागरिक आणि कंपन्यांना थेट बांधणारे असते, तर २०१८ च्या निकालाची आडकाठी नव्हती. पण ते रेंगाळले.

न्यू जर्सी पुन्हा न्यायालयात

आता वादाने नवेच वळण घेतले आहे. 'कलशी' नावाच्या कंपनीने जानेवारी २०२५ पासून सामन्यांच्या निकालांवर 'करार' विकण्यास आरंभ केला. अमुक संघ जिंकला तर कराराला एक डॉलर मिळणार, हरला तर शून्य. सामान्य माणसाला ही पैजच वाटेल. कंपनीचे म्हणणे मात्र असे, की हे वायदेबाजारातील करार असून त्यांच्यावर केंद्राच्या वायदेबाजार आयोगाचा एकाधिकार आहे. राज्यांच्या जुगारकायद्यांचा येथे संबंध नाही. परिणामी राज्याचा परवाना नको, राज्याचा कर नको. न्यू जर्सीत सट्टा लावण्यास २१ वर्षांची अट आहे, येथे १८ वर्षे पुरेत. न्यू जर्सीच्या स्वतःच्या महाविद्यालयीन संघांवर पैज लावण्यास राज्यात मनाई आहे आणि ती उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०२१ मध्ये फेटाळला होता. करारांच्या बाजाराला तीही अट लागू नाही.

राज्याने मार्च २०२५ मध्ये कंपनीला व्यवहार थांबवण्याची नोटीस दिली. एप्रिलमध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या बाजूने तात्पुरता मनाईहुकूम देऊन राज्याला रोखले. मेरीलँडमधील केंद्रीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये नेमके उलटे मत दिले. नेवाडात आधी कंपनीला मिळालेला मनाईहुकूम नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायाधीशांनी उठवला. २०१८ मध्ये 'केंद्राने आम्हाला सांगू नये' म्हणून जिंकलेली न्यू जर्सी आता केंद्राच्या कायद्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या कंपनीशी झुंजते आहे. या वेळी तिची बाजू अधिक अवघड आहे, कारण वायदेबाजाराचा कायदा राज्यांना नव्हे, तर व्यवहार करणाऱ्यांना उद्देशून आहे. पास्पाला जी कसोटी भोवली, ती येथे कामास येत नाही.

आपल्याकडील चित्र

भारतात हा प्रश्न आरशात पाहावा तसा उलटा दिसतो. आपल्या घटनेने उरलेसुरले अधिकार केंद्राला दिले आहेत. परंतु 'पैजा व जुगार' हा विषय सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर स्पष्टपणे नोंदलेला आहे आणि त्यावरील कर २०१६ पर्यंत ६२ व्या क्रमांकावर होता. म्हणूनच महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा चालतो आणि मांडवीच्या पात्रात गोव्याचे कॅसिनो चालतात. महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा मात्र कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. राज्याच्या हद्दीबाहेरून चालणाऱ्या धंद्यावर राज्याचा अधिकार किती, हा आजचा ऑनलाइन प्रश्नही तसा जुनाच. बंगळुरूत छापल्या जाणाऱ्या एका वृत्तपत्राच्या शब्दकोडे स्पर्धेसाठी मुंबई राज्यात प्रवेशशुल्क गोळा होत असे. त्यावर मुंबई राज्य कर लावू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात दिला होता. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, हेही त्याच निकालाने सांगितले.

अमेरिकेतील निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, जुलै २०१८ मध्ये, आपल्या विधी आयोगाचा २७६ वा अहवाल आला. बंदी हाच पर्याय इष्ट, पण ती राबवणे शक्य नसेल तर आधार व पॅन क्रमांकाशी जोडून, रोकडीविना सट्ट्याचे नियमन करावे, असे त्यात होते. अहवालाची 'सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस' अशी प्रसिद्धी झाली आणि आयोगाला खुलासा करावा लागला.

संसदेने निवडली ती बंदी. ऑगस्ट २०२५ मधील ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही ठेवला नाही. हा कायदा कंपन्या आणि जाहिरातदारांना उद्देशून आहे, राज्यांना नव्हे, तेव्हा मर्फी खटल्यातील आक्षेप त्याला लागू पडणार नाही. पण आपल्याकडची कसोटी दुसरी आहे : कायदा कोणाला उद्देशून आहे हे न पाहता, विषय कोणत्या सूचीतला हे पाहिले जाते. केंद्राचे म्हणणे, की इंटरनेट, देशाच्या सीमा ओलांडणारे पैशाचे व्यवहार आणि दळणवळण हे विषय त्याच्याकडे आहेत. आव्हान देणाऱ्यांचे म्हणणे, की माध्यम बदलले तरी विषय पैजेचाच राहतो आणि तो राज्यांचा आहे. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत दाखल झालेल्या अशा याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.